आज्ञा आणि घाव

दिवाळीच्या सुटीत आमचा नातू सुरतेस राहावयास आला होता. रात्रीची जेवणे आटोपली की तो संगणकासमोर बसे आणि आम्ही शेजारच्या खुर्चीवर वर्तमानपत्र उघडून त्याआडून त्याच्या पडद्याकडे पाहत असू. खेळाचे नाव 'डायब्लो-टू'. हा खेळ २००० साली प्रथम निघाला, २०२१ साली नव्या रूपात पुन्हा आला आणि देशोदेशीचे खेळाडू इंटरनेटवरून एकत्र येऊन तो खेळतात. आरंभी प्रत्येकाने आपले एक पात्र निवडावयाचे असते. आमच्या नातवाने निवडले होते 'नेक्रोमॅन्सर', म्हणजे मेलेल्यांना उठवून कामाला लावणारा मांत्रिक.

हा मांत्रिक स्वतः फारसा लढत नाही. शत्रू पडला की त्याच्या प्रेतातून तो एक सांगाडा उठवितो. असे काही सांगाडे जमले की ते त्याच्यापुढे चालतात, मारतात आणि मार खातात. एखादा मोडला तर खंत नाही. त्यांनीच पाडलेल्या शत्रूंच्या प्रेतांतून नवे उठविता येतात. आम्हांस सर्वांत लक्षणीय वाटली ती या खेळातील हिशेबाची रीत. शत्रूला मारले सांगाड्याने, तरी त्याबद्दलचे अनुभवाचे गुण जमा होतात मांत्रिकाच्या नावावर. सांगाड्याच्या नावावर काही नाही, कारण त्याला नावच नाही.

"त्यांचे तुला काही वाटत नाही का रे?" असे आम्ही विचारले. नजर न हलविता तो म्हणाला, "आजोबा, ते सांगाडे आहेत. त्यांना लागत नाही."

उत्तर बिनतोड होते आणि खेळापुरते खरेही होते. चित्रातील हाडांना वेदना नसते. ती मोडणाऱ्या मुलाला पापाचा धनी ठरविणे हा शुद्ध कर्मठपणा होईल. परंतु त्या उत्तराने आमच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो खेळापुरता नव्हता. दुसऱ्याकरवी घडविलेल्या कर्मात घडविणाऱ्याचा वाटा किती, आणि तो वाटा त्याला जाणवावा कसा?

आपल्या लोककथांनी या प्रश्नाचा विचार केलेला दिसतो. मांत्रिकाने भूत वश केले, तेव्हा भुताने अट घातली की मला सतत काम दे, नाहीतर तुला खाईन. अखेर अंगणात वेळू रोवून त्यावर चढ-उतार करण्याचे काम देऊन त्याने सुटका करून घेतली, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. युरोपातील ज्यू लोकांत मातीचा पुतळा सजीव करून त्याच्याकडून काम घेण्याची 'गोलेम'ची कथा आहे; तोही अखेर अनावर होतो व त्याला पुन्हा माती करावे लागते. दोन्ही कथांतील सेवक फुकटचा नाही. आज्ञेची किंमत आज्ञा करणाऱ्याकडे परत येते, ही त्या कथांची शिकवण. खेळातल्या सांगाड्यांनी ही अडचण दूर केली आहे.

शास्त्र आणि कायदा यांनीही करविणाऱ्याला मोकळे सोडलेले नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि केवळ अनुमोदन दिलेली. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चिथावणी व साहाय्य हे स्वतंत्र अपराध होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहेत. तत्त्वतः वाद उरलेला नाही. वाद आहे तो सवयीशी. आणि ज्यांना लागते त्यांनाही 'लागत नाही' असे मानण्याची सवय फार जुनी आहे. आपल्या याच मुलखात हाळी प्रथा होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी हळपती मजूर जमीनदाराच्या शेताशी बांधला जाई आणि पुष्कळदा त्याची मुलेही त्याच वाटेने जात. वेठबिगारीस कायद्याने बंदी १९७६ साली झाली. त्या मजुरांच्या श्रमाचे पीक कोणाच्या नावावर जमा होत होते, हे निराळे सांगावयास नको.

सुरतेच्या इतिहासातील एक प्रसंग या संदर्भात आठवतो. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजीमहाराजांनी सुरतेवर स्वारी केली. त्या लुटीविषयी आपल्या गुजराती शेजाऱ्यांचे व आपले मत एक नाही, आणि तो वाद येथे काढण्याचे कारण नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते मोगल सुभेदार इनायतखानाविषयी. शहर रक्षिण्याचे ज्याचे काम तो तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला आणि तहाच्या बोलण्याचे निमित्त करून त्याने एका तरुणास महाराजांच्या भेटीस पाठविले. त्या तरुणाने खंजीर काढला. अंगरक्षकाने त्याचा हात तोडला, तरी त्याचा आवेग इतका होता की तो महाराजांच्या अंगावर कोसळला. महाराज गेले अशी हाकाटी उठली व बंदिवानांची कत्तल सुरू झाली. महाराजांनी उठून ती थांबविली, पण पुढे कित्येक बंदिवानांना प्राण वा हात गमवावे लागले. त्या तरुणाचे नाव लोकांच्या तोंडी नाही. इनायतखानाला मात्र किल्ल्यात ओरखडाही उठला नाही. चौकबाजारातून जाताना तो किल्ला दिसला की आम्हांस वाटते, आज्ञा देणाऱ्याचा खरा प्रश्न हाच आहे: तो कोठे उभा होता?

हा प्रश्न इनायतखानाला विचारणे सोपे आहे. आम्ही राज्य सरकारच्या सेवेत आयुष्य काढले. तेव्हा तो स्वतःसही विचारला पाहिजे.

ऑगस्ट २००६ चा पूर वाचकांच्या स्मरणात आहेच. उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सुटले आणि बहुतेक सुरत पाण्याखाली गेली. आम्ही एका कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होतो, दूरध्वनी बंद पडले होते. अडकलेल्या कुटुंबांची एक यादी नौकांची व्यवस्था पाहणाऱ्यांकडे पोहोचणे आवश्यक होते. आम्ही आमच्या पट्टेवाल्यास जाण्यास सांगितले. तो जिन्यात क्षणभर थांबला, "जाऊं छुं, साहेब" म्हणाला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली यादी डोक्यावर धरून कमरेइतक्या पाण्यात उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परतला तेव्हा त्याची पोटरी पत्र्याने कापली होती. आम्ही पहिला प्रश्न विचारला, "यादी दिली?" त्याचे घर सखल वस्तीत होते आणि बायकामुले शेजाऱ्याच्या गच्चीवर सुखरूप आहेत की नाहीत हे पाहावयासही तो गेला नव्हता, हे आम्हांस त्यानंतर कळले.

ती सुखरूप होती. यादीमुळे काही कुटुंबे वेळेवर बाहेर निघाली. आज्ञा चुकीची होती असे आम्हांस आजही वाटत नाही; कोणाला तरी जावेच लागले असते. चूक पुढे झाली. अहवालात आम्ही लिहिले, "यादी वेळेत पोहोचविण्यात आली." सरकारी मराठी असो वा गुजराती, हा कर्मणी प्रयोग मोठा सोयीचा असतो, त्यात कर्ता दिसत नाही आणि गुण ज्याच्या सहीखाली जातात त्याच्या नावावर जमा होतात. आम्हांस प्रशंसापत्र मिळाले. ते अजून आमच्या कपाटात आहे. पट्टेवाल्याच्या पोटरीवर व्रण राहिला.

कोणी म्हणेल की दुसऱ्याला कामास पाठविल्यावाचून राज्य, कारखाना किंवा घरही चालणार नाही. हे खरे आहे. प्रत्येक अधिकाऱ्याने प्रत्येक पुरात स्वतः उतरावे असा आमचा आग्रह नाही. आमचे म्हणणे एवढेच की आज्ञा आणि घाव यांमधील धागा तोडून टाकू नये.

सुटी संपण्याच्या आदल्या रात्री नातवाने सहज एक गोष्ट सांगितली. त्याच्या मांत्रिकास रक्ताचा एक गोलेमही उठविता येतो. पूर्वी त्या गोलेमला जखम झाली की मांत्रिकाचेही बळ घटत असे. सगळ्या सेवकांत हा एकच असा होता. २०१० साली खेळात दुरुस्ती झाली आणि तो नियम काढून टाकण्यात आला. आता गोलेमला लागले तरी मांत्रिकाला लागत नाही. "बरेच झाले," नातू म्हणाला, "तो नियम त्रासाचाच होता."

खेळात तो नियम नसला तरी चालेल. आयुष्यात मात्र तो त्रास आपण होऊन पत्करावा लागतो, आणि त्याची सुरुवात लहान गोष्टींपासून करता येते: परत आलेल्या माणसाला कामाआधी त्याच्याविषयी विचारावे आणि अहवालात त्याचे नाव लिहावे. आमच्या हातून ही दोन्ही राहिली. नातवाला त्या रात्री आम्ही पुराची हकीकत सांगितली. त्याने प्रथमच पडद्यावरून नजर काढली आणि विचारले, "आजोबा, त्यांचे नाव काय होते?"

आम्ही ते सांगितले.