जाळीआडचा आवाज

नाव लपविले म्हणजे माणूस अनोळखी राहतो काय? ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतील एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे इंटरनेटवरील शोध संशोधनासाठी खुले केले. नावांऐवजी केवळ क्रमांक होते. तरीही आजार, गाव, आडनाव यांविषयीच्या शोधांवरून पत्रकारांनी काही दिवसांतच एका वयस्कर विधवेचे घर गाठले. नाव झाकले, जीवन उघडेच राहिले.

पापनिवेदनाच्या जाळीआडूनही आवाज ओळखू येतो. तेथे पापी सुरक्षित असतो तो जाळीमुळे नव्हे, ऐकणाऱ्या धर्मगुरूच्या अभंग मौनामुळे. यंत्राला असे मौनव्रत नाही. मात्र मोबाइलवर दुसऱ्याचे गुपित येते, तेव्हा ऐकणारे आपणच असतो. त्या वेळचे मौन हे आपलेही व्रत आहे.