भाव उतरला, गुन्हाही उतरला

केळीचे खोड कापायला फारशी ताकद लागत नाही. आत लाकूड नसतेच. एकावर एक गुंडाळलेले सोपट आणि भरपूर पाणी. कोयत्याचा एक तिरका घाव बसला की निसवलेले झाड घडासकट आडवे होते. जळगावच्या रावेर, यावल, चोपडा या केळीपट्ट्यात अशा बातम्या जिल्ह्याच्या पानावर पुन्हा पुन्हा येतात: अमुक शिवारात अज्ञाताने रात्रीत शेकडो खोडे कापली. मालक सकाळी ठिबक सुरू करायला जातो, तेव्हा सरीत चिक वाहत असतो. अर्धवट भरलेला घड व्यापारी घेत नाही. तो गुरांपुढे जातो.

मग पोलीस ठाणे. तिथे शेतकऱ्याच्या कानावर एक शब्द पडतो: एनसी. म्हणजे अदखलपात्र.

कायद्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थ अगदी मर्यादित आहे. अशा गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. पण वर्षभर राबलेल्या माणसाला त्यातले एवढेच ऐकू येते की आपले नुकसान दखल घेण्याच्या लायकीचे नाही. कोणी बसवला हा शब्द मराठीत, कोण जाणे. बसवताना ऐकणाऱ्याचा विचार केलेला दिसत नाही.

१ जानेवारी १८६२ पासून ३० जून २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेत नुकसानीची पायरी ठरलेली होती. कलम ४२७: पन्नास रुपये किंवा त्याहून अधिक नुकसान केले तर दोन वर्षांपर्यंत कैद. गुन्हा अदखलपात्र, जामीनपात्र. पन्नासचे पाच लाख झाले तरी पायरी तीच. शेजारची कलमे मात्र वेगळे बोलत होती. बैल किंवा म्हैस मारली तर पाच वर्षांपर्यंत, दखलपात्र. शेतीचे पाणी तोडले तरी पाच वर्षे, दखलपात्र. दहा रुपयांचा शेतमाल पेटवून दिला तर सात वर्षांपर्यंत, तोही दखलपात्र. बागेतून दोन घड चोरून नेले तर तीन वर्षांपर्यंत, आणि जामीनही हक्काचा नाही. पण तीच अख्खी बाग कापून जागेवर टाकून दिली, एक फणीही नेली नाही, तर एनसी! ज्याने खाण्यासाठी चोरले तो मोठा गुन्हेगार, आणि ज्याने केवळ दुसऱ्याचे वाटोळे व्हावे म्हणून कोयता चालवला तो धाकटा.

यात इंग्रज मसुदाकारांची सगळीच चूक होती असेही नाही. त्यांच्या मनात बहुधा बांधावरचे भांडण असावे. कोणाची गुरे कोणाच्या वावरात शिरली, कोणी मेर कोरली, भाऊबंदकीत कोणी कुंपण मोडले. अशा प्रत्येक वेळी फौजदाराला वॉरंटशिवाय घरात शिरू दिले तर गावात कोण सुरक्षित राहील? खोडे कापणारा ‘अज्ञात’ असतो. संशय मात्र नेहमी ओळखीच्या माणसावर जातो. गुन्हा दखलपात्र झाला की त्या ओळखीच्या माणसाला उचलून आणण्याचा दरवाजाही किलकिला होतो, आणि तो निर्दोष असू शकतो. अदखलपात्र या शब्दाच्या आड असा एक शहाणपणा आहे. आपल्यावर संशय येतो तेव्हाच त्याची किंमत कळते, ही वेगळी गोष्ट.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि कलम ३२४ मध्ये पायऱ्या वाढल्या. वीस हजार ते एक लाखाच्या आतले नुकसान असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद, अदखलपात्र. एक लाख किंवा त्याहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत, दखलपात्र. म्हणजे बाग कापणे प्रथमच मधल्या गुन्ह्यांच्या रांगेत येऊन बसले. सुधारणा चांगली आहे. पण आता हिशेब करून पाहावा.

तीनशे खोडे कापली. घड सरासरी पंचवीस किलोचा धरला, तर पंच्याहत्तर क्विंटल माल गेला. भाव क्विंटलला दोन हजार असेल तर नुकसान दीड लाख: दखलपात्र. तोच भाव आठशेवर आला तर नुकसान साठ हजार: अदखलपात्र. कोयता तोच, रात्र तीच, द्वेषही तोच. केळीचा भाव उतरतो तेव्हा शेतकऱ्याचे कंबरडे आधीच मोडलेले असते. नेमका त्याच वेळी त्याच्यावर झालेला गुन्हाही हलका होतो. आणि बाग अजून निसवलीच नसेल तर? घडच नाही, मग भाव कशाचा लावायचा? रोप, खत, ठिबक, मजुरी यांचा खर्च मांडावा, तर कोणीतरी म्हणणारच की कंद जिवंत आहे, पील फुटेल.

वर्षांच्या मापाचेही असेच. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाण्याची सक्ती आहे ती सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत. पाच वर्षांच्या गुन्ह्याला पहिली सवड लागू पडते आणि दुसरी सक्ती लागू होत नाही. चौदा दिवसांत कापलेले खोड सडून जाते.

सात वर्षे ही मोजपट्टीवरची रेघ खानदेशाला एरवीही परिचित आहे. जळगावच्या घरकुल गैरव्यवहारात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षे कैद आणि शंभर कोटी रुपये दंड सुनावला. निकाल उच्च न्यायालयात अपिलात गेला. जुन्या संहितेतली दहा रुपयांचा शेतमाल जाळण्याची कमाल शिक्षा आणि हजारो घरांच्या योजनेतल्या गैरव्यवहाराची सुनावलेली शिक्षा, आकडा एकच. कलमे वेगळी, पुरावे वेगळे, तुलना थोडी अन्यायाची हेही खरे. पण वर्षांत मोजलेला अपराध आणि माणसांनी सोसलेला अपराध यांचे वजन एकाच तागडीत होत नाही, हे दिसायला ती पुरते.

नुकसान रुपयांत मोजायचेच असेल तर ते खोडे कापली गेली त्या दिवशीच्या बाजारभावाने नव्हे, त्या पिकावर गेलेल्या महिन्यांनी आणि खर्चाने मोजावे. एक लाखाची रेघ पिकांपुरती तरी काढून टाकावी आणि उभे पीक हेतुपुरस्सर कापणे बैल मारण्याच्या रांगेत बसवावे. बैलाला तरी कायद्याने भाव विचारला नव्हता.

तोवर बागवाल्यांनी एवढे करावे. पंचनामा होईपर्यंत आडवी खोडे हलवू नयेत. खोडांची संख्या, झाडाचे वय आणि त्या दिवसाचा भाव तलाठ्यासमोर लिहून घ्यावा. आणि ठाण्यात एनसीच झाली, तर नोंदीची प्रत घेऊन दंडाधिकाऱ्यांकडे तपासाच्या आदेशासाठी अर्ज करावा. नव्या कायद्यानुसार अदखलपात्र नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.