रक्तातच आहे?

कातकरी मुलाने शाळा सोडली की आपण सहज म्हणतो, 'त्यांच्या रक्तातच शिक्षण नाही.' पण दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जातात, मूलही जाते, ते पावसाच्या तोंडावर परतते. यात रक्त कुठे आले? इंग्रजांनी तर 1871 मध्ये कायदाच केला आणि पुढे कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो 1952 साली रद्द झाला. लोकांच्या मनातून गेला का? अशाच जमातीतले लक्ष्मण गायकवाड शाळेत गेले, आणि 'उचल्या'ला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

स्वभाव आपण जन्मतः आणतो, हे खरे. एकाच घरात एक मूल तापट, दुसरे शांत. पण जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? प्रभू येशूने दोन्ही नाकारले, आणि त्याला दृष्टी दिली (योहान 9).