पगाराची सेवा

सेवेचे पैसे घेतले की ती सेवा राहते का? आजाऱ्याची अयादत आपण सवाबाचे काम मानतो आणि सवाबाचे पैसे कसले, असे म्हणतो. मग आजाऱ्याच्या घरी जाणे हीच जिची नोकरी आहे, तिने काय करावे?

अमेरिकेत अशी नोकरी कायद्याने बांधलेली आहे, म्हणून तिथूनच पाहू. १९६५ साली तिथे मेडिकेअरचा कायदा झाला. ६५ वर्षांवरील जे लोक आजारपणामुळे सहज घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांना त्यातून घरपोच उपचार मिळतात. कंपनी नर्स पाठवते, फिजिओथेरपिस्ट पाठवते आणि गरज पडल्यास सोशल वर्करही. नर्स जखम पाहते, सोशल वर्कर घर पाहते. औषधाला पैसे आहेत का, दोन वेळचे जेवण कोण देते, नवऱ्याला उचलून उचलून म्हातारीची कंबर मोडली आहे का, घरात कोणी छळत तर नाही ना?

आता पेच पाहा. सुरुवातीची अनेक वर्षे सरकार प्रत्येक फेरीचा खर्च कंपनीला देत असे. ऑक्टोबर २००० पासून ठराविक मुदतीची ठोक रक्कम मिळू लागली. ती मुदत आधी ६० दिवसांची होती, जानेवारी २०२० पासून ३० दिवसांची झाली. सोशल वर्करच्या फेरीचे वेगळे पैसे नाहीत. पूर्वी मोह जादा फेऱ्यांचा होता, आता कमी फेऱ्यांचा. शिवाय नर्सचे आणि थेरपिस्टचे काम संपले की तिचेही येणे थांबते. जखम भरते, कागद बंद होतो; म्हातारीची कंबर मात्र तशीच राहते.

तिथल्या सोशल वर्करांच्या राष्ट्रीय संघटनेची आचारसंहिता म्हणते, पहिली जबाबदारी ज्याची सेवा करायची त्याच्या हिताची. मालकाशी बांधिलकीही त्याच संहितेत आहे. दोन्हींच्या वाटा फुटतात तेव्हा खरी परीक्षा होते.

मी शिक्षिका आहे, महिन्याचा पगार घेते. त्याने शिकवणे खोटे ठरत नाही. उलट फुकटची सेवा मन मानेल तेव्हा येते आणि आजाऱ्याला उपकाराखाली दाबते. पगारी माणसावर त्याचा हक्क असतो. "काल का आला नाहीत?" असे तो विचारू शकतो. सेवा बाटते ती पगारामुळे जीभ बांधली गेली तर. या घरी आणखी दोन फेऱ्या हव्यात, हे वरिष्ठाला तोंडावर सांगता आले पाहिजे. ऐकले गेले नाही, तर फेऱ्या संपण्याआधी त्या म्हातारीची दुसरी सोय लावून दिली पाहिजे.

मुंबई-पुण्यातही आता कंपन्या आणि ब्यूरो घरी नर्स, आया पाठवतात. पैसे बहुधा घरचेच भरतात, सोशल वर्कर मात्र क्वचितच दिसते. मग खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या बाजूने कोण बोलणार? पैसे देणारा मुलगा, की पैसे घेणारी कंपनी?

आजाऱ्याचा हक्क ही त्याच्या खाटेपाशी बसणाऱ्याकडे ठेवलेली अमानत आहे. पगार कोणाच्याही हातून येवो, हिशोब त्या खाटेपाशीच द्यायचा असतो.