फलासक्ती आणि उतरता काळ

२००२ च्या विम्बल्डनमध्ये, ही स्पर्धा सात वेळा जिंकलेला पीट सॅम्प्रस दुसऱ्याच फेरीत जागतिक क्रमवारीत १४५ व्या असलेल्या जॉर्ज बास्टलकडून पाच सेटमध्ये पराभूत झाला. बास्टल हा ‘लकी लूझर’, म्हणजे पात्रता फेरीत हरूनही दुसऱ्याच्या माघारीमुळे मुख्य स्पर्धेत आलेला खेळाडू होता. अशा पराभवानंतर, कीर्ती अबाधित असतानाच विजेत्याने थांबावे, असा सल्ला दिला जातो आणि त्याला वैराग्याचे रूप येते. परंतु गीतेतील फलासक्तीचा, म्हणजे कर्मफळाला चिकटून राहण्याचा, विचार लावला तर हा सल्ला विरक्तीचा ठरत नाही, कारण संचित कीर्ती हेही फळच असून केवळ तिच्या रक्षणासाठी खेळ सोडणे म्हणजे त्या फळालाच कवटाळणे होय. गीता अकर्माची, म्हणजे कर्म न करण्याची, आसक्तीही वर्ज्य मानते, ही बाब सहसा विसरली जाते. पाय मंदावणे हा देहाचा धर्म आहे. त्यात लाज कसली? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सॅम्प्रसने आंद्रे अगासीला हरवून अमेरिकन ओपन जिंकली, परंतु या विजयामुळे त्याचा खेळत राहण्याचा निर्णय योग्य ठरला, असे मानणे हेदेखील फळावरून कर्म जोखणे आहे. बास्टलकडून हरल्याच्या दिवशीही तो निर्णय तितकाच योग्य होता.