आईला सांगितलेले खोटे

दिवाळीत पापपुण्याचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात कडुलिंबाचे पान वाढणे, हे मला कळते. पण सणासुदीला आपण जितके खोटे बोलतो तितके एरवी बोलत नसू! शेजारच्या वहिनींची चकली दातांची परीक्षा पाहते, तरी आपण “वा!” म्हणतोच. असल्या खोट्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. माझे एक खोटे मात्र वर्षानुवर्षे माझ्याकडे हिशेब मागते आहे.

श्रावणात आईचे ऑपरेशन झाले आणि त्याच आठवड्यात नागपूरला धाकटा मामा वारला. शुद्धीवर येताच तिने विचारले, “बाळूचा खोकला कसा आहे रे?” मी म्हणालो, “बरा आहे. दिवाळीला येतो म्हणाला.” इतक्या सहज बोललो, की माझे मलाच नवल वाटले.

पुढे वसईच्या एका कॅथलिक स्नेह्यांना मी हे सांगितले. “त्यात काय एवढे!” असे ते म्हणतील ही माझी अपेक्षा. ते शांतपणे म्हणाले, “आमच्या शिकवणीप्रमाणे ते खोटेच. हेतू चांगला म्हणून खोट्याचे खरे होत नाही.” मला रागच आला. मग त्यांनी सांगितले की संत ऑगस्टीनने इ. स. ४२० च्या सुमारास नेमका हाच प्रसंग लिहून ठेवला आहे. बाप अत्यवस्थ आहे, मुलगा वारला आहे आणि बाप विचारतो, तो जिवंत आहे ना? अशा वेळी आपलेही मन कळवळते, हे ऑगस्टीन मोकळेपणाने कबूल करतो. पण निवाडा बदलत नाही. दयेपोटी एकदा दार किलकिले केले, की ते हळूहळू सताड उघडते, ही त्याची भीती.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने खोट्याच्या तीन जाती सांगितल्या: अपायाचे, थट्टेचे आणि उपकाराचे. उपकाराचे खोटे हे हलके पाप, पण पापच. सत्य शहाणपणाने झाकून ठेवायला मात्र त्याची हरकत नाही. ऑगस्टीनच्याच एका ग्रंथात फर्मस नावाचा बिशप आहे. त्याने एका माणसाला लपवले होते. राजाचे शिपाई आले तेव्हा तो म्हणाला, मी खोटेही बोलणार नाही आणि त्याला धरूनही देणार नाही. त्याने छळ सोसला. शेवटी बादशहाने त्या माणसाला क्षमा केली. अर्धे वाक्य मनात राखून बोलण्याची पळवाटही काहींनी काढली होती. पोप अकराव्या इनोसंटने १६७९ साली ती निषिद्ध ठरवली. ‘नरो वा कुंजरो वा’ने धर्मराजाचा रथ चार बोटे खाली आला, तो आपल्याला ठाऊकच आहे!

पण मग १९४३-४४ चे असिसी आठवते. तिथे बिशप निकोलिनींच्या आश्रयाने मठांतून ज्यू लपवले गेले आणि त्यांच्यासाठी खोटी ओळखपत्रे छापली गेली. त्यांना पापी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. खुद्द चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात खोट्याची व्याख्या करताना ‘ज्याला सत्य जाणण्याचा हक्क आहे त्याला’ असे शब्द होते. १९९७ च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत ते गाळले गेले. म्हणजे प्रश्न तिथेही सोपा नाही.

दारात आलेल्या मारेकऱ्याशी मी आजही खोटे बोलेन. पण आई मारेकरी नव्हती; भावाबद्दलचे सत्य तिच्या हक्काचे होते.

‘जरा ताकद येऊ दे’ म्हणत आम्ही दिवस ढकलले. भाऊबीजेला तिने पाट मांडला, निरांजन लावले, आणि मला सांगावे लागले. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, “तेव्हा सगळ्यांबरोबर रडले असते रे. आता एकटीच रडायची.” त्यानंतर मी “सगळे ठीक आहे” म्हटले, की ती क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राही.

त्या दिवशी तिचा हात धरून मी नुसता गप्प बसलो असतो तर? तिला कळले असते. तिचे ते कळणे समोर बसून पाहण्याचे धैर्य मला नव्हते. माझ्या खोट्याला मी दया म्हणत आलो. त्यात माझी भीती किती होती, ते त्या रिकाम्या पाटाला ठाऊक.