रंग पसरतो लवकर, बसतो सावकाश



आजचे श्लोक गीतेच्या सतराव्या अध्यायातले, १४ ते १९. भगवंत इथे तपाविषयी सांगतात. आधी शरीराचं, वाणीचं आणि मनाचं तप, आणि मग त्याच तपाचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार. 'तप' हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थच तापणं. म्हणून हे श्लोक वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. जास्त तापलं म्हणजे जास्त तप झालं का? भक्तीत किती उकळी फुटते, यावरून भक्ती मोजायची का?

प्रश्न पुस्तकी नाहीये. आमच्या टीममधली एक मुलगी यंदा पहिल्यांदा वारीत आळंदी ते पुणे चालली. परवा चहाच्या वेळी म्हणाली, "दादा, त्या दिवशी नुसता टाळ ऐकला तरी डोळे भरून येत होते. आता हरिपाठ म्हणताना लक्ष घड्याळाकडे असतं. तेव्हाचं खोटं होतं, की आताची मी खोटी?" आपल्यापैकी कितीजणांना हे आतून छळत असतं! काहीजण तर याच कारणाने साधना सोडून देतात. 'आता भाव येत नाही, मग नाटक कशाला?'

यावर विचार करताना मला रंगाऱ्याचं काम फार उपयोगी पडतं. आपली भाषाच बघा ना. नामाच्या रंगात रंगणं म्हणतो, कच्चा रंग-पक्का रंग म्हणतो.

दोन काचेचे पेले घ्या. एकात गार पाणी, दुसऱ्यात गरम. दोन्हींत शाईचा एकेक थेंब सोडा. गरम पाण्यात शाई बघता बघता सगळीकडे पसरते, गार पाण्यात तिचे धागे बराच वेळ लोंबकळत राहतात. कारण सरळ आहे. पाणी तापलं की त्याचे रेणू जोरात धावतात आणि पाण्याचा दाटपणाही कमी होतो. २५ अंशांचं पाणी ८० अंशांवर नेलं, तर नुसत्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारं पसरणं साधारण तिप्पट वेगाने होतं. पाण्यातले प्रवाह त्यात आणखी भर घालतात. पण पेल्यात आहे काय? नुसतं रंगीत पाणी. ओतून दिलं की संपलं. पसरणं वेगळं आणि बसणं वेगळं. रंग बसायला कापड लागतं, आणि रंगाचं कापडाशी नातं जुळावं लागतं.

हे नातं जुळायला उष्णता किती हवी, हे रंग आणि कापड दोघांवर ठरतं. १९५६ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने प्रोसिऑन नावाचे रंग बाजारात आणले. हे रंग सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडतात. त्यातल्या थंड पाण्यात वापरायच्या रंगांना उकळी लागतच नाही. धुण्याचा सोडा घालायचा, कापड साध्या पाण्यात काही तास भिजत ठेवायचं. घाई करून पाणी खूप तापवलं, तर रंग धाग्याऐवजी पाण्याशीच बंध जोडून मोकळा होतो. भांडं तेवढंच रंगीत दिसतं, पण त्यातला बराच रंग वाया गेलेला असतो. तो कापडावर नुसता चिकटतो आणि धुताना निघून जातो.

आता १८वा श्लोक वाचा. मान मिळावा, लोकांनी पूजावं म्हणून दिखाऊपणाने केलेलं तप ते राजस, आणि भगवंत म्हणतात की ते चंचल असतं, टिकत नाही. उष्णता भरपूर, पण बंध जुळला भोवतालच्या पाण्याशी. आम्ही सॉफ्टवेअरवाले डेमोला भुलतो तसंच हे.

मग उष्णता वाईट का? अजिबात नाही. पॉलिएस्टरचा धागा इतका घट्ट असतो की कारखान्यात त्याला बंद भांड्यात, दाबाखाली, सुमारे १३० अंशांवर रंगवतात. तापल्याशिवाय तो सैल होत नाही आणि रंगाला आत वाट देत नाही. आपल्यातही असे घट्ट विणलेले लोक असतात. एखादं मोठं दुःख, एखादी वारी, एखादं कीर्तन त्यांना उघडतं. त्या मुलीचे डोळे भरून आले ते खरंच होतं. त्या दिवशी धागा उघडला.

रेशमाची गोष्ट आणखी निराळी. त्याला ऊब हवी, पण हळूहळू. कोमट पाण्यापासून सुरुवात करून मिनिटाला साधारण एखादा अंश वाढवत नेतात. रेशीम एकदम कडकडीत पाण्यात टाकलं, तर रंग पहिल्यांदा सापडेल तिथेच बसतो आणि कापडावर ढग उठतात. खळखळ उकळत ठेवलं तर रेशमाची चमकही जाते. १९व्या श्लोकात स्वतःला पीडा देऊन हट्टाने केलेल्या तपाला तामस म्हटलंय, ते इथे पटतं.

आणि नीळ! निळीच्या भांड्यातून कापड बाहेर काढतात तेव्हा ते पिवळट-हिरवं दिसतं. निळं होतं ते बाहेर, हवा लागल्यावर. गडद निळा हवा असेल तर पुन्हा बुडवायचं, पुन्हा वाऱ्यावर धरायचं. मला वाटतं, वारी हे भांडं आणि ऑफिस, लोकल, घरची भांडी घासणं ही हवा. रंग उतरला असं वाटतं, तेव्हाच तो धाग्यात पक्का होत असतो.

अर्थात, कापड आपलं आपण काही करत नाही. आपल्याला मात्र रोज बसावं लागतं. घड्याळाकडे लक्ष जात असतानाही बसणं, हेच तर मनाचं तप.

रंग पक्का झाला की नाही, हे धुतल्यावर कळतं. आणि कच्च्या रंगाची एक खोड असते, तो शेजारच्या कपड्यांना लागतो. नव्या उत्साहात आपण बायकोला, आईला, रूममेटला उपदेशाने डागाळून टाकतो ना, ती त्या कच्च्या रंगाचीच खूण. १५व्या श्लोकातलं वाणीचं तप म्हणूनच मला सगळ्यात उपयोगी परीक्षा वाटते. समोरच्याला न दुखवणारं, खरं, गोड आणि हिताचं बोलणं. त्या मुलीला मी एवढंच विचारलं, "वारीनंतर घरी आवाज चढवणं थोडं कमी झालंय का?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "हो, आई तसं म्हणत होती."

मग काळजी कसली?

आज एवढंच करूया. डोळ्यांत पाणी आलं का, हे तपासू नका. संध्याकाळी कोणी आपल्यावर चिडलं, तेव्हा आपण काय बोललो, तेवढं आठवा.

राम कृष्ण हरी.